मेडिकल पार्किंग पास: यूडीआयडी कार्डच हवं की डॉक्टरांचं पत्र पुरे?

त्र्यंबकनाका

सरकारी कार्यालयात पोर्चजवळची जागा दोघांनाच मिळते. ज्यांच्या केबिनवर पाटी आहे त्यांना, आणि पावणेदहाची वेळ असूनही नऊला येऊन गाडी लावणाऱ्यांना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला कर्मचारी मात्र आवाराच्या टोकाला गाडी लावून लंगडत येतो. आजारपणासाठी जवळची जागा द्यायची तर ती कशाच्या आधारावर, हा प्रश्न आहे.

माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टरांचं पत्र पुरेसं मानावं, त्यावर मुदत टाकावी आणि मुदत संपली की पास बाद. यूडीआयडीची, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्राची, सक्ती नको. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. पार्किन्सन्स आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेल आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा त्यात बसत नाही, सीओपीडीवाला (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने दम लागणारा) बसत नाही, हृदयाचं पंपिंग कमी झालेलाही नाही. यातल्या बऱ्याच जणांना शंभर-दीडशे मीटर चाललं की थांबावं लागतं.

अर्ज कार्यालयप्रमुखांच्या नावे, शाखाप्रमुखांमार्फत करायचा. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. त्याशिवाय पंधरा दिवसांनी "असा अर्ज आलाच नाही" हे ऐकायची तयारी ठेवावी. गाडीचा क्रमांक, दुचाकी की चारचाकी, गाडी स्वतः चालवणार की कोणी सोडायला येणार, कधीपासून कधीपर्यंत, एवढं अर्जात हवं. सोबत आरसी आणि लायसन्सची प्रत. गाडी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर तसं अर्जातच लिहावं, नाहीतर तेवढ्यावर फाइल परत येते.

---

अटीशर्ती

मुदतीचं पटलं, बाकी नाही. डॉक्टरांचं पत्र आणायला कितीसा वेळ लागतो? कर्मचाऱ्यांची प्रकरणं बघणाऱ्या आस्थापना शाखेतला लिपिक काही वैद्यकीय मंडळ नाही. समोर चार पत्रं आली की तो चारही मंजूर करणार, कारण नाकारायचं तर कारण लिहावं लागतं आणि त्याखाली सही त्याची असते. जागा दोन आणि पास अकरा झाले की ज्याला खरंच पाय नाही त्याची गाडी पुन्हा टोकालाच.

यूडीआयडीचा क्रमांक पोर्टलवर तपासता येतो. दिव्यांगांचा लाभ लबाडीने घेतला तर त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. खाजगी डॉक्टरांच्या "यांना त्रास होतो, सहकार्य करावे" या ओळीमागे असा कोणता धाक आहे?

---

आवकजावक

@अटीशर्ती, यूडीआयडी चालण्याबद्दल काही सांगतच नाही, ही तुमच्या मुद्द्यातली फट आहे. कार्डाचा रंग टक्केवारीवर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं. ज्याला अजिबात ऐकू येत नाही त्याच्याकडे निळं कार्ड असेल आणि तो तुमच्या-माझ्यापेक्षा भरभर चालेल. त्याला कामावर दुसऱ्या सोयी लागतात, पोर्चजवळची जागा नाही. उलट एका पायात ३५ टक्के दोष असलेल्याला पांढरं कार्ड, आणि जागेची गरज त्याला जास्त. तुमच्या नियमात रंग बघून जागा दिली तर ती चुकीच्या माणसाला जाईल.

---

अटीशर्ती

रंग बघा असं मी म्हटलं नाही. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचा प्रकार लिहिलेला असतो. अस्थिव्यंग असेल तर द्या.

---

आवकजावक

आणि डायलिसिसवाल्याला?

---

अटीशर्ती

त्याने सिव्हिल सर्जनचं पत्र आणावं. आपल्या नाशिकला त्र्यंबक रोडवर जिल्हा रुग्णालय आहे.

---

त्र्यंबकनाका

म्हणजे ज्याला चालवत नाही त्याने पार्किंगसाठी सिव्हिलच्या ओपीडीत रांग लावायची. वा! मेडिकल रजेला नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं, मग चाळीस फूट जवळच्या जागेला का नाही? संशय आला तर दुसरं मत मागवावं, सरसकट नको.

पत्र कसं असावं यावर मात्र अटीशर्तींचा राग रास्त आहे. "विश्रांतीचा सल्ला दिला आहे" असं पत्र कधीही जोडू नका. आस्थापना शाखा ते रजेचं प्रकरण समजते आणि उत्तर येतं, "रजेचा अर्ज सादर करावा." पत्रात आजाराचं नाव नसलं तरी चालेल, किंबहुना नसावंच. ती फाइल पाच टेबलांवरून फिरते आणि प्रत्येक टेबलावर चहा येतो. क्षमता लिहून घ्या: न थांबता किती मीटर चालता येतं, किती पायऱ्या चढता येतात, काठी, वॉकर की कुबड्या, गाडीचं दार पूर्ण उघडावं लागतं का, आणि किती आठवडे. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. पाच ओळींत होतं.

---

एकास बारा

तुम्ही सगळे कागदावर भांडताय. पास मिळाला तरी जागा वापरता येत नाही, यावर कोणी बोलेना.

गाडी लावायचा नेहमीचा कप्पा अडीच मीटर रुंद असतो आणि छोटी गाडी साधारण १.७ मीटर. मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ४० सेंटीमीटर उरतात. गुडघा बदललेल्या माणसाला उतरताना आधी बसल्या जागी वळून दोन्ही पाय बाहेर काढावे लागतात, मग हातांवर जोर देऊन उठायचं. ४० सेंटीमीटरच्या फटीत हे जमत नाही. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेत दिव्यांगांचा कप्पा किमान ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून जास्तीत जास्त ३० मीटरवर सांगितलाय. गाडीशेजारची जास्तीची जागा चाकाची खुर्ची आणायला आणि दार सताड उघडायला असते. आपल्याकडे त्या पट्ट्यात दोन अॅक्टिव्हा उभ्या असतात, कारण "तिथं रिकामंच होतं."

आणखी एक. स्वतः चालवत असेल तर उजवी बाजू मोकळी हवी, मुलगा सोडत असेल तर डावी. अर्जात हे कोणी लिहीत नाही, मग भिंतीलगतचा कप्पा मिळतो आणि भिंत नेमकी उतरायच्या बाजूला.

नाशिकच्या कार्यालयांत निम्म्याहून जास्त लोक दुचाकीवर येत असतील. बाजूची चाकं लावलेल्या स्कूटरला साध्या दुचाकीच्या दुप्पट जागा लागते. ती रांगेत घुसत नाही आणि सहज मागेही घेता येत नाही. तिला रांगेच्या टोकाची जागा द्या, समोरून शिरून समोरूनच निघता येईल अशी. उतरल्यावरच्या वाटेत गटाराची जाळी असेल तर तिच्या फटी चालायच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असल्या की कुबडीचं टोक आत जातं. उतार १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटी पायरीला सहा फुटांचा रॅम्प टाकून लोकार्पण करू नये.

---

नाशिकरोडकर

एकास बारा +१. पण हे करणार कोण? इमारत सार्वजनिक बांधकामकडे, आवार भलत्याच कार्यालयाच्या ताब्यात. जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या ठिकाणी एका आवारात अनेक कार्यालयं असतात. तुमच्या साहेबांनी मंजूर केलेला पास शेजारच्या कार्यालयाच्या गार्डने का मानावा? आधी आवाराचा सक्षम प्राधिकारी कोण ते विचारा आणि अर्जाची प्रत तिथेही द्या. गार्ड कंत्राटी असतात, दर काही महिन्यांनी चेहरा बदलतो. पासधारकांची यादी गेटवरच्या रजिस्टरमध्ये नसेल तर रोज नव्याने वाद. पासवर क्रमांक आणि मुदत मोठ्या अक्षरांत, आजाराचं कारण मात्र अजिबात नको.

जागा भरली म्हणून बाहेर रस्त्यावर नो-पार्किंगमध्ये लावली तर हा पास वाहतूक पोलिसांवर बंधनकारक नाही. सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) बाजूला तर तो प्रयोग करूच नका.

---

अटीशर्ती

मुदत किती ठेवायची ते तरी सांगा. "बरे होईपर्यंत" लिहिलं की माणूस निवृत्त होईपर्यंत बरा होत नाही.

---

त्र्यंबकनाका

डॉक्टरांनी लिहिलेले आठवडे, पण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. गरोदरपणात प्रसूती रजेवर जाईपर्यंत. पार्किन्सन्ससारखा वाढत जाणारा आजार असेल तर मुदतच नको. दर तीन महिन्यांनी "अजून बरे झाला नाहीत का" विचारणं हा छळ आहे.

---

आवकजावक

नाकारलं तर तोंडी नकार घेऊ नका. दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम २०(२) खाली शासकीय आस्थापनेने वाजवी सोय द्यायचीच आहे. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. नोंदवहीत तक्रार चढली की नाही ते स्वतः बघा. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. आणि कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या ४० टक्क्यांना बांधलेली नाही. ४० ची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. आस्थापना शाखा हे दोन्ही हमखास एकत्र करते.

---

अटीशर्ती

एक अडचण राहिलीच. रजेवरून हजर होताना माणूस फिटनेस प्रमाणपत्र देतो आणि त्याच दिवशी "चालवत नाही" म्हणून पार्किंग मागतो. टिपणीत मी काय लिहू? फिट की अनफिट?

---

त्र्यंबकनाका

दोन्ही एकाच प्रमाणपत्रात घ्यायला सांगा: "कर्तव्यावर हजर होण्यास योग्य, तथापि सहा आठवडे सलग १०० मीटरपेक्षा जास्त चालू नये." टिपणीला तेवढं उतरवलं की पुरे.

---

अटीशर्ती

हे चालेल. नोंदणी क्रमांक वाचता येईल असा असला तर.