छोट्या विमानात टॅबलेट असताना कागदी नकाशा हवा का?

मूळ लेख: पेन्सिलरेघ
अॅरिझोनातील फिनिक्सच्या आसपास मी भाड्याच्या सेसना १७२ या छोट्या विमानातून हौसेखातर उडतो. अमेरिकेत खासगी वैमानिकाने कागदाऐवजी टॅबलेटवर नकाशे पाहण्यास एफएए या तिथल्या हवाई वाहतूक नियामक संस्थेची हरकत नाही; २००७ च्या ९१-७८ क्रमांकाच्या परिपत्रकातच ते स्पष्ट झाले असून, नकाशे चालू आवृत्तीचे असावेत ही त्यातली मुख्य अट आहे. टॅबलेट बंद पडल्यास हाताशी असावे अशा पर्यायी साधनाची मात्र केवळ शिफारस आहे, सक्ती नाही, आणि सक्ती असायला हवी असे माझे मत आहे. गेल्या जुलैत पुढच्या काचेलगत बसवलेला माझा टॅबलेट वीस मिनिटांत तापला, पडदा काळा पडला आणि त्यावर तापमापकाचे चित्र तेवढे उरले. परवानगीवाचून शिरता येत नाही असे फिनिक्सच्या मोठ्या विमानतळाभोवतीचे क्लास बी हवाई क्षेत्र तेव्हा अगदी जवळ होते. मांडीवर पेन्सिलीने मार्ग आखलेला नकाशा होता, म्हणून निभावले.

प्रतिसाद: हवाबदल
टॅबलेटने दगा दिला असे मला वाटत नाही. साधारण ३५ अंशांपर्यंतच वापरण्याजोगे यंत्र आपण अॅरिझोनाच्या उन्हात काचेला टेकवून ठेवले होते. ज्या कागदाचा आपण एवढा भरवसा धरता, तो दृश्य उड्डाणाचा (बाहेर पाहून उडण्याचा) नकाशा २०२१ पासून दर ५६ दिवसांनी बदलतो. आमच्या क्लबच्या विमानात सीटमागच्या खिशात दीड वर्षापूर्वीचा नकाशा आहे, आणि तो सोबत आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात! वणव्यामुळे आज सकाळी तात्पुरते बंद केलेले हवाई क्षेत्र कोणत्याही छापील नकाशावर सापडणार नाही. टॅबलेटवर ते दिसते, शिवाय आपले विमान त्याच्यापासून किती दूर आहे हेही दिसते. पर्याय हवाच असेल, तर तेच नकाशे उतरवलेला फोन खिशात, सावलीत ठेवावा.

प्रतिसाद: उजवी सीट
मी विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे उन्हापेक्षा मला मानेची काळजी जास्त वाटते. पडद्यावर आपले चिमुकले विमान सरकताना दिसू लागले, की विद्यार्थी बाहेर पाहणेच सोडतो, आणि दुसरे विमान तर बाहेरच पाहून टाळायचे असते. (शेजारची विमाने टॅबलेटवर दिसतात खरी, पण ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानाची ओळख रेडिओने कळवणारे यंत्र, नसलेले जुने विमान तिथे उमटत नाही.) हवाबदल यांच्या फोनबद्दलही शंका आहे. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स भागात लष्कराच्या चाचण्यांमुळे जीपीएस बिघडण्याच्या पूर्वसूचना निघतात. तशा वेळी फोन आणि टॅबलेट दोघांनाही आपली जागा कळत नाही. पर्यायी साधन निराळ्या कारणाने बंद पडणारे असावे.

प्रतिसाद: हवाबदल
जीपीएस गेले तरी पडद्यावरचा नकाशा पुसला जात नाही. खालचा महामार्ग आणि धरण त्यावर ओळखता येतात, कागदावर ओळखतो तसेच. बाहेर न पाहण्याची जी उणीव आपण सांगता, ती सवयीची आहे. कागद दिल्याने ती भरून येईल असे वाटत नाही.

प्रतिसाद: पेन्सिलरेघ
खिशातल्या फोनचा मुद्दा मान्य आहे, टॅबलेटही आता मांडीच्या पट्ट्यावर आणला आहे. सीटमागचा नकाशा मात्र माझा नव्हे. माझ्याकडचा चालू आवृत्तीचा आहे, आणि विमानाचा वेग व घड्याळ यांवरून दर दहा मिनिटांनी त्याच्यावर खूण करतो. ती खूण करण्यासाठी बाहेर पाहावेच लागते.