रोजच्या वापरातल्या वस्तूंमधून मातीच्या भांड्यांसाठी कल्पना कशा शोधाव्यात?

मृदा_नाशिक:
मी स्टोनवेअर मातीत (उच्च तापमानाला भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणाऱ्या मातीत) कप, वाडगे, ताटल्या आणि बरण्या चाकावर घडवते. तंत्र आता हातात बसले आहे. अडते ते पुढच्या आकाराच्या कल्पनेपाशी. प्रेरणेसाठी मोबाईलवर इतरांची कामे पाहिली की सगळीकडे तोच ठिपकेदार पांढरा कप दिसतो आणि नकळत माझ्याही हातून तसेच काहीतरी उतरू लागते. घरात, बाजारात, अंगणात जे रोज समोर असते त्यातून काम सुचावे अशी मनापासून इच्छा आहे, मात्र कपावर फुलापानांचे चित्र काढण्यापुरते मला थांबायचे नाही. रोजचे पाहणे आणि प्रत्यक्ष घडवणे यांची सांगड आपण कशी घालता?

पुणेकर_घडवणारा:
वस्तू कशी दिसते याआधी ती कशी हाताळली जाते हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. घरातला पितळी तांब्या घ्या. त्याचा गळा आवळलेला आणि काठ बाहेर वळलेला असतो, त्यामुळे ओल्या हाताने उचलतानाही बोटे काठाखाली अडकतात आणि भरलेला तांब्या निसटत नाही. एवढे कळले की तांब्याची नक्कल करण्याची गरज उरत नाही: बिनकानाचा चहाचा पेला घडवताना तोच आवळलेला गळा ठेवावा आणि चहा त्याच्या खालीच राहील इतकी उंची द्यावी, म्हणजे वरच्या रिकाम्या भागाला धरता येते आणि बोटांना चटका बसत नाही.

शक्य असेल तर पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय चित्रवही घेऊन पाहावे. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, पाय घासायच्या वज्र्या अशा साध्या घरगुती वस्तू तिथे आहेत, आणि त्या घडवणाऱ्यांनी केलेला विचार रेखाटताना जितका उमगतो तितका फोटो काढून उमगत नाही. वज्रीचेच पाहा: तळ खाचा पाडून खरखरीत केलेला असतो, कारण घासायचे काम त्याचे, मोर, हत्ती अशी नक्षी असते ती हातात धरायच्या बाजूला. या विचारातून मातीची आले किसायची ताटली सहज सुचू शकते.

रत्नागिरीची_माती:
वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण आकाराइतकेच महत्त्व मी साहित्याला देतो. आमच्याकडे जांभ्याची लाल माती पायाखाली असते. तिच्यात लोह भरपूर असल्याने ती चाळून ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावर दिल्या जाणाऱ्या काचेसारख्या लेपात, मिसळली तर प्रमाणानुसार आणि भट्टीनुसार तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत छटा मिळतात. भाताच्या तुसाच्या राखेत मुख्यतः सिलिका (काचेचा मूळ घटक) असते, तर लाकडाच्या राखेत कॅल्शियम जास्त असल्याने ती उच्च तापमानाला ग्लेझ वितळवायला मदत करते. ओली राख त्वचेला झोंबते, त्यामुळे हातमोजे घालूनच ती हाताळावी आणि नव्या मिश्रणाची आधी छोट्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. आपल्या परिसराचा रंग भांड्यात असा उतरतो तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या कामासारखा दिसत नाही.

ठसे_आणि_कापड:
मी कापडावर ठसेकाम करते, म्हणून नक्षीची बाजू मांडावीशी वाटते. इंग्लिश नक्षीकार विल्यम मॉरिस यांचे ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे १८८३ चे कापड आजही लोकप्रिय आहे, आणि त्याचे मूळ अगदी घरगुती आहे: इंग्लंडमधल्या केल्मस्कॉट मॅनर या त्यांच्या घराच्या बागेत कस्तूर जातीचे पक्षी स्ट्रॉबेऱ्या पळवत, तेच त्यांनी नक्षीत आणले. फुलेपाने हलकी ठरतात ती न पाहता काढल्यामुळे. आपल्याकडचे चैत्रांगण, म्हणजे चैत्रात अंगणात काढायची रांगोळी, हेही याच दृष्टीने पाहावे. त्यात सूर्य, चंद्र, शंख, कमळ, गोपद्मे, तुळशीवृंदावन ही चिन्हे एका चौकटीत सुटसुटीत मांडलेली असतात. चिन्हे उचलण्यापेक्षा त्यांच्यामधली मोकळी जागा कशी सांभाळली आहे ते अभ्यासले, तर ताटलीच्या मांडणीला त्याचा उपयोग होईल.

मृदा_नाशिक:
सर्वांची मनापासून आभारी आहे. किसायच्या ताटलीची कल्पना लगेच करून पाहावीशी वाटते. माझी माती भाजल्यानंतर एकूण सुमारे १२ टक्के आकसते, त्यामुळे तयार ताटली १० सेंटीमीटरची हवी असेल तर ओली ताटली साधारण ११.४ सेंटीमीटरची करावी लागेल. दातांवर ग्लेझ द्यावे की नाही, हे मात्र ठरत नाही.

पुणेकर_घडवणारा:
दातांवर देऊ नका. जाड थर वितळून खाचांमध्ये उतरतो आणि धार बोथट होते. माती अर्धवट वाळलेली असताना खाचा पाडा, त्या भागावर ग्लेझ धरू नये म्हणून मेण लावा आणि फक्त कडेला व मागच्या बाजूला ग्लेझ द्या. ताटली बैठकीवर टेकते तो भाग तेवढा ग्लेझविना ठेवा, नाहीतर ती भट्टीच्या फळीला चिकटेल.