पगाराच्या शीटवरून जर्नल एन्ट्री: बेरीज बरोबर, तरी व्हाउचर परत येतं

रोजकीर्द_०७
एक्सेलच्या शीटमध्ये दर ओळीला एक कर्मचारी आणि आडव्या कॉलमांत तारीख, विभाग, एकूण पगार, कर कपात, उचल वसुली, निव्वळ देय. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला सीएसव्हीत (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) तारीख, व्हाउचर नंबर, लेजर (खात्याचं नाव), डेबिट, क्रेडिट, नॅरेशन (नोंदीचा तपशील) असं हवंय. कॉपी-पेस्ट करून फाइल बनवली तर काही व्हाउचर ‘डेबिट-क्रेडिट जुळत नाही’ म्हणून परत आली. शिवाय ५ मार्चच्या एन्ट्री ३ मेला जाऊन बसल्या आणि १३ तारखेपासून पुढच्या घेतल्याच नाहीत. काय चुकतंय?

तेरीज
आधी कॉपी-पेस्ट बंद करा. शीट पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा आणून त्याची मांडणी बदलायचं साधन) घ्या, तारीख-कर्मचारी-विभाग हे कॉलम निवडून ‘अनपिव्हट अदर कॉलम्स’ द्या, म्हणजे बाकीचे आडवे कॉलम उभ्या ओळींत येतात. प्रत्येक रकमेची स्वतंत्र ओळ होईल. मग कोणता कॉलम कुठल्या खात्यात, कुठल्या बाजूला जातो याचा छोटा मॅपिंग तक्ता करून त्या ओळींशी मर्ज करा (जोडा): एकूण पगार म्हणजे पगार खर्च, डेबिट, कर कपात म्हणजे देय कर, क्रेडिट, उचल वसुली म्हणजे कर्मचारी उचल, क्रेडिट, निव्वळ देय म्हणजे देय पगार, क्रेडिट. उचल खर्चातून वजा करू नका, ते कर्मचाऱ्याकडून येणं आहे. ३०,००० डेबिटसमोर १,५०० + २,००० + २६,५०० क्रेडिट आलं की झालं. रिकामे सेल अनपिव्हटमध्ये आपोआप गळतात, शून्य मात्र राहतात. ते फिल्टर करा.

पक्की_वही
न जुळण्याचं कारण बहुधा राउंडिंग. कर १,२३४.५६५ आला तर शीटवर १,२३४.५७ दिसतो. ३०,००० मधून उरलेले २८,७६५.४३५ हे २८,७६५.४४ दिसतात. एक्सेल सीएसव्हीत दिसतो तोच आकडा लिहितं, म्हणजे क्रेडिट ३०,०००.०१. फॉरमॅट बदलून हे सुटत नाही. कराच्या फॉर्म्युल्यालाच राउंड लावा, दोन दशांश, आणि निव्वळ देय त्या राउंड केलेल्या करावरून वजाबाकीने काढा. फाइल पाठवण्याआधी व्हाउचर नंबरवर सम-इफ्स (अटीनुसार बेरीज करणारं फंक्शन) लावून डेबिट वजा क्रेडिट बघा.

तारखेचं दुखणं वेगळं. तुमचं मशीन महिना आधी वाचतंय. ०५/०३ त्याला ३ मे वाटते. १३/०३ मध्ये तेरावा महिना नसल्याने ती टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटून राहते. उलटलेल्या तारखा आता खऱ्या तारखाच झाल्यात, त्या शोधत बसू नका. मूळ फाइल पुन्हा घ्या आणि पॉवर क्वेरीत ‘युजिंग लोकेल’ (कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचं तो पर्याय) वापरून दिवस आधी वाचायला सांगा. तयार सीएसव्ही डबल-क्लिकने उघडून सेव्ह करू नका, तारखा परत उलटतात, ००७ चे ७ होतात. बघायची तर नोटपॅडमध्ये.

रोजकीर्द_०७
दोन्ही सुटलं. आता तीन ओळींवर ‘लेजर सापडत नाही’, नाव तर हुबेहूब तेच आहे.

तेरीज
त्या सेलला लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावा. एखादं अक्षर जास्त निघालं तर शेवटी बहुधा १६० कोडची स्पेस (साध्या स्पेससारखीच दिसणारी, पण वेगळं कॅरेक्टर) असणार, वेबवरून कॉपी केलेल्या नावांत ती बऱ्याचदा येते. ट्रिम (जादा साध्या स्पेस काढणारं फंक्शन) तिला हात लावत नाही. सबस्टिट्यूटने (एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारं फंक्शन) १६० चं कॅरेक्टर काढा, मग ट्रिम. आणि पुन्हा इम्पोर्ट करण्यापूर्वी आधी गेलेली व्हाउचर फाइलमधून काढा, नाहीतर पगार खर्च दुप्पट दिसेल.