अनुभव धागा : लग्न ठरताना सोबत उभी राहिलेली दुसऱ्या धर्मातली मैत्रीण

अबोली_म्हापसा
काल शुक्रवारच्या बाजारात कांकणवाल्याकडे एक क्रिस्तांव (आमच्या गोव्यातले ख्रिश्चन) आई-लेक लग्नाचा चुडा ठरवत होत्या. हिरवी किती, पिवळी किती. मला एकदम आमची शेजारीण आठवली. तिच्या मामाच्या घरी चुडा भरला तेव्हा मी तिला चिकटूनच बसले होते. कांकणवाला हिंदूच. तिच्या आईने माझाही हात पुढे केला, "हिच्याय हातांत घाल रे."

आम्हा दोघींना एकाच सुमारास स्थळं बघत होते. आमच्याकडे गोत्र आणि नाडी, तिच्याकडे मुलगा बामण की चार्दो (त्यांच्यातल्या जाती), वाडा कुठला आणि बोटीवर आहे का. क्रिस्तांवांत जात बघत नाहीत असं कोणी म्हटलं की मी हेच सांगते. मला मुलगा पसंत नसला की मी परसात लाल टॉवेल वाळत घालायची. मग ती काहीतरी निमित्त काढून यायची आणि पाहुण्यांसमोर विचारायची, "काकी, हिची टायपिंगची परीक्षा आहे ना गे?" अशी तीन-चार स्थळं गेली.

तुमच्याही असतील अशा मैत्रिणी. लिहा ना. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

डिचोलीची_सून
टॉवेल!! वा गे. फोडणीला टाकलंय, रात्री लिहिते.

पर्वरीकरीण
माझी मैत्रीण वकिलाकडे कामाला होती. गोव्यात लग्नाच्या नोंदणीला दोनदा सही करावी लागते, त्यातली माझी पहिली झालेली. मुलाकडचे म्हणाले, दुसरीही उरकून टाकू, हॉल डिसेंबरात आहेच. घरचे सगळे म्हणत होते की नुसती सही तर आहे. तिने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, गोव्यात दुसरी सही झाली की कायद्याने तू बायको झालीस, मंगळसूत्र असो नसो. मोडायचं तर कोर्टात जावं लागेल. तोवर तिकडून दर आठवड्याला नवीन काहीतरी यायला लागलं होतं. आधी फ्लॅटला पैसे, मग नोकरी सोड. मी आजारी आहे सांगून तारीख पुढे ढकलली. पुढे त्यांनीच नाही म्हटलं. आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. आता गणेश चवथीला पहिल्या नेवऱ्या (करंज्या) तिच्याच घरी जातात.

कोर्टाजवळची
पर्वरीकरीण, तुझी मैत्रीण अगदी बरोबर बोलली. लग्नाच्या नोंदणीचे नियम पोर्तुगीज काळातले, घटस्फोटाचा कायदा 1910चा आणि मूळ नागरी कायदा 1867चा. हिंदू, क्रिस्तांव, मुसलमान सगळ्यांनाच नोंदणी लागते. आणखी एक, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक, अर्धी-अर्धी. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागते. म्हणून लग्नाआधी कोणी "हा कागद फक्त सही कर" म्हणालं तर आधी वाचा. मुलींना साडीचा रंग विचारतात, हे कोणी सांगत नाही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

डिचोलीची_सून
हे माझ्या भाचीला पाठवते.

फोंड्याची_मी
मी मुसलमान. बारावी झाल्यावर अब्बांनी मामेभावाचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. माझ्या मैत्रिणीची आजी कडक सोवळ्यातली, आमच्याकडचं पाणी न घेणारी. ती एका दुपारी चालत आमच्या अंगणात आली आणि अब्बांना म्हणाली, "भाई, पोरीला शिकू दे. माझ्या नातीबरोबर बसने जाईल, बसने येईल, जबाबदारी माझी." अम्मीने खुर्ची आणली तरी बसली नाही, उन्हातच उभी राहिली. ते अम्मीला लागलं, मलाही लागलं, अजून लागतं. आणि माझं बी.कॉम. तिच्यामुळे झालं.

अबोली_म्हापसा
आजीचं वाचून डोळे भरले गे.

शिरगाव_माहेर
थोडं वेगळं लिहिते. आमची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्र सायबीण (मेरी माता) बहिणी मानतात ना. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, आई तेल घेऊन जायची आणि तिच्या मैत्रिणीबरोबर रांगेत उभी राहायची. माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा दोघींनी मिळून सायबिणीला सांगणं केलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं.

कोर्टाजवळची
आमच्याकडेही सेम!

मडगावची_मावशी
नवरा गेल्यावर मला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. ज्यांच्या घरी मी बोरन्हाणाला राबले त्यांचंही. माझी क्रिस्तांव मैत्रीण आधीच विधवा झाली होती, तिचा चुडा नवऱ्याच्या शवपेटीवर फोडलेला मी बघितला होता. कांकणं फुटतात ती बाईचीच, दोन्हीकडे. तिच्या लेकीचा रोस होता, म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचा रस लावतात तो. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. तिने सगळ्यांसमोर हाक मारली, "पयलो रोस तूं लाय." नणंदा कुजबुजल्या. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, माझ्या चेडवाला (पोरीला) हिने वाढवलंय. मी ओंजळ बुडवली, पोरीच्या केसांतून नारळाचा रस कानामागे ओघळला, ती हसायला लागली. माझे हात थरथरत होते.

फोंड्याची_मी
मावशी, तुमच्या मैत्रिणीला माझा सलाम सांगा.

पर्वरीकरीण
मावशी ❤ शब्द नाहीत.

डिचोलीची_सून
आले. माझं आता नंतरच लिहीन, मावशींच्या पुढे काय लिहू. एक विचारते, 15 ऑगस्टच्या फेस्ताला मैत्रिणीकडे पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ) करायला मदतीला जायचंय. हळदीची पानं कोणाकडे आहेत का? आमची यंदा किडीने खाल्ली.

शिरगाव_माहेर
माहेरी परसभर आहेत. रविवारी ये, पण सकाळी. दुपारी आम्ही लग्नाला जातोय.