शेतातील मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी ओल दिसते. अशा पाण्यात मुलांना उतरू द्यावे का?

बोरीकाठ (प्रश्न)

पारोळा तालुक्यात आमच्या शेतातील नाल्यावर वडिलांनी तीसेक वर्षांपूर्वी मातीचा बंधारा घातला आहे. त्याची उंची अंदाजे 4 मीटर असून काळ्या मातीचा गाभा आणि त्यावर मुरूम अशी त्याची रचना असल्याचे वडील सांगत. हिवाळ्यात भरीत पार्टीसाठी नाशिक-पुण्याचे पाहुणे येतात, तेव्हा मुले पाण्यात उतरण्याचा हट्ट धरतात. यंदा तर भाच्याने हवेची नावही आणली आहे. मात्र बंधाऱ्याच्या कोरड्या बाजूला, पायथ्यापाशी, पाणी सोडण्याच्या पाइपालगत दोन-तीन हात जागा सतत ओली राहते आणि तेथे लव्हाळा वाढला आहे. भरावावर दोन मोठ्या बाभळीही आहेत. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे) घर नाल्याच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून अधिकच काळजी वाटते. पाणी काढून टाकावे का, आणि तोवर पोहणे बंद ठेवावे का?

पांझराकाठ

मी पाटबंधाऱ्याच्या कामांवर अभियंता म्हणून नोकरी केली, त्या अनुभवावरून लिहितो. पोहण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. मातीच्या बंधाऱ्यातून थोडे पाणी पाझरणारच, त्यात भिण्यासारखे काही नाही. ते स्वच्छ आहे की गढूळ, एवढेच आधी पाहायचे असते. ओलीच्या जागी लहानसा चर काढून पाणी बादलीत घ्या, बादली भरायला लागलेला वेळ लिहून ठेवा आणि रात्रभर ठेवून तळाशी गाळ बसतो का ते पाहा. गाळ बसत असेल तर भरावातील माती आतून वाहून जात आहे, असे समजून त्याच दिवशी तज्ज्ञाला बोलवा आणि सालदाराच्या कुटुंबाला तेथून हलवा. पाणी स्वच्छ असले, तरी ओल पाइपालगत आहे ही बाब मला खटकते, कारण पाइपाभोवती माती नीट धुम्मस केलेली (ठोकून दाबलेली) नसली की पाणी नेमकी तीच वाट धरते. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले, तेव्हाही भराव खचला तो त्यातून जाणाऱ्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाच्या, जागी.

अशा जागी अनेकजण चिकणमाती थापून ओल 'बंद' करतात. ते करू नका. पाणी कोंडते आणि दुसरीकडून जोराने फुटते. त्याऐवजी आधी धुतलेली जाड वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाते पण माती अडते.

पाणी उतरवायचेच असेल तर दिवसाला वीतभरच उतरवा. मोठे पंप लावून तळे दोन दिवसांत रिकामे केले, तर भिजलेल्या भरावाला समोरून मिळणारा पाण्याचा आधार एकदम जातो आणि आतली बाजू घसरते. काळ्या मातीत हे हमखास घडते. बाभळींचे म्हणाल, तर नुसते खोड कापून भागत नाही. मुळे मागे कुजतात आणि तेथे पोकळ नळ्या उरतात. पाणी उतरल्यावर मुळांसकट काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागेल.

आणि सांडव्याविषयी, म्हणजे जादा पाणी बाहेर वाहून जाण्याच्या वाटेविषयी, आपण एक शब्दही लिहिलेला नाही. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण पाणी माथ्यावरून वाहू लागले की मातीचा बंधारा काही तासांतही कापला जाऊ शकतो.

तापीतीर

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटले, त्यानंतर ते खेकड्यांमुळे फुटले या विधानावरून पुष्कळ थट्टा झाली. त्या धरणाचे कारण काहीही असो, घुशी आणि खेकडे लहान बंधारे पोखरतात हे आम्ही दरवर्षी पाहतो. भरावावरचे गवत कापून ठेवा, म्हणजे बिळे दिसतील. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 10 मीटरपेक्षा कमी उंचीच्या धरणांना लागू होत नाही, त्यामुळे आपला बंधारा तपासायला कोणी येईल अशी वाट पाहू नका.

सातपुडा_पायथा

मी मुलांना पोहणे शिकवते, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहिते. बंधाऱ्यासाठी माती बहुधा तळ्याच्या पोटातूनच खणलेली असते. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातून चालणारे मूल एका पावलात डोक्यावरच्या पाण्यात जाते, आणि वरून काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात तळ उघडा पडेल तेव्हा ते खड्डे पाहून काठावर खुणेचे खांब रोवा. गाळात पाय रुतला की पोहता येणारा माणूसही घाबरतो. काठावर गाठी मारलेला लांब दोर आणि फुगवलेली ट्यूब कायम टांगलेली असू द्या; बुडणाऱ्यामागे उडी घेणारा दुसराही बुडतो, असे आपल्याकडे वारंवार घडते. पाण्यात मोटार असेल तर मुले उतरण्यापूर्वी तिचा वीजपुरवठा मुख्य खटक्यावरूनच तोडावा. हवेच्या नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला तरंगजाकीट घालावे, पोहता येत असले तरीही. पाइपाच्या तोंडाजवळ मात्र कोणीही जाऊ नये, कारण तेथील ओढ लहान मुलाला सुटू देत नाही.

बोरीकाठ

सर्वांचे आभार. काल बादलीचा प्रयोग केला. बादली भरायला 11 मिनिटे लागली आणि सकाळी तळाशी काही बसलेले नव्हते. पण सांडवा पाहून मी चरकलो. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून मत्स्यबीज सोडणाऱ्याने तेथे तारेची जाळी ठोकली आहे, तिला काडीकचरा अडकला आहे, आणि थोडे अधिक पाणी साठावे म्हणून कोणीतरी वाळूच्या गोण्याही रचल्या आहेत. त्या मीच रचायला सांगितल्या होत्या, हे सालदाराने आठवण करून दिले.

पांझराकाठ

गोण्या आजच काढा. जाळी हवीच असेल तर ती सांडव्यावर नको, पुष्कळ आत, पाण्यात लावा. नंतर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन माथ्याची उंची टोकापासून टोकापर्यंत मोजा. गाडीवाटेमुळे आणि भराव बसल्यामुळे मध्यभाग बहुतेक वेळा खाली गेलेला असतो. तो सांडव्याच्या पातळीपेक्षा किमान 1 मीटर उंच भरला नाही, तर पावसाळ्यापूर्वी भराव वाढवावा लागेल.

बोरीकाठ

गोण्या काढल्या. रविवारी माथा मोजतो. पाहुण्यांना कळवले आहे की यंदा भरीत मिळेल, नाव मात्र घडी करून ठेवावी लागेल.