आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर: एन्क्रिप्शन असताना परवानग्यांची काळजी कशाला?

कुंपण: "एण्ड-टू-एण्ड आहे, बिनधास्त पाठवा" हे ऐकून वैताग येतो. ते एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, दोन फोनांमधल्या प्रवासापुरतं. अँड्रॉइडवर चॅटचा डेटाबेस अ‍ॅपच्या खासगी जागेत राहतो. आलेला आधार-पॅनचा फोटो मात्र सामायिक स्टोरेजमधल्या मीडिया फोल्डरात पडतो. गॅलरीची परवानगी असलेलं कुठलंही अ‍ॅप तो वाचू शकतं. सिग्नल हे दुसरं मेसेजिंग अ‍ॅप अशा फाइली एन्क्रिप्ट करून स्वतःजवळ ठेवतं, तुम्ही 'सेव्ह' म्हटल्याशिवाय बाहेर सोडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपनंही तेच करावं.

फाइलवाला: म्हणजे जीएसटीचं काम करणाऱ्यानं ढीगभर पीडीएफ एकेक करून सेव्ह करत बसायचं? फाइल लगेच हाताशी येते म्हणून तर लोक ते वापरतात. शिवाय तुमचं चित्र जुनं आहे. अँड्रॉइड १३ पासून फोटो-व्हिडिओ आणि ऑडिओच्या परवानग्या वेगळ्या. पीडीएफ त्यात येतच नाही, सगळ्या पीडीएफ चाळायला 'ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस' लागतो. १४ मध्ये तर निवडक फोटोच देता येतात. दोष 'अलाऊ ऑल' दाबणाऱ्या अंगठ्याचा.

कुंपण: अंगठ्याच्या भरवशावर राहायला रिझर्व्ह बँकही तयार नाही. २०२२ मध्ये तिनं कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सना फाइल्स, कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग बघायला मनाई केली. अँड्रॉइड १३ न मिळालेले फोनही घरोघरी आहेत. आणि व्हॉट्सअ‍ॅपमधली 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा असा सल्ला येईलच, म्हणून आधीच सांगतो: त्यानं फोटो गॅलरीत दिसत नाहीत इतकंच. फाइल एन्क्रिप्ट होत नाही.

उलटतपासणी: दोघंही गॅलरीत अडकलात. पैसे जातात एपीकेतून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेल्या अ‍ॅपच्या फाइलीतून. लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलान म्हणून आलेली एपीके एसएमएस वाचायची परवानगी मागते, ती दिली की ओटीपी परस्पर तिकडे. सेटिंग्ज → अ‍ॅप्स → स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस → इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स → व्हॉट्सअ‍ॅप बंद. (नावं कंपनीगणिक थोडी बदलतात.) तिथेच 'ऑल फाइल्स अ‍ॅक्सेस'ची यादी बघा, टॉर्च किंवा कीबोर्ड दिसला तर सरळ उडवा. गूगल ड्राइव्हवरच्या चॅट बॅकअपलाही एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शन २०२१ पासून आहे, पण ते आपण चालू करावं लागतं.

फाइलवाला: एपीकेचं मान्य. बॅकअप कुलूपबंद करताना पासवर्ड किंवा ६४ अक्षरी किल्ली निवडता येते, ती किल्ली मात्र कुणाच्या गळ्यात मारू नका. फोन आणि किल्ली दोन्ही गेले तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. पासवर्ड घ्या, तो चालू फोनवरून बदलता तरी येतो.

कुंपण: तोवर आधार मास्क्डच पाठवा, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. 'व्ह्यू वन्स' (एकदाच उघडता येईल असं पाठवणं) पीडीएफला चालत नाही. आणि पाठवलेल्या फाइलची प्रत तुमच्याच फोनवर 'सेंट' फोल्डरात बनते, ती कुणी बघतच नाही.