'लेडी एल्फिन्स्टन' हिरवी फुलली, कंद खोटा की काय?

प्रश्न: इंग्लंडमध्ये कुंडीत लावलेला 'लेडी एल्फिन्स्टन', म्हणजे डबल (जास्त पाकळ्यांचा) स्नोड्रॉप, कंदापासून येणारं छोटं पांढरं फूल. आतल्या पाकळ्यांवरची खूण पिवळी हवी, यंदा चक्क हिरवी आली. फसवणूक झाली का? आणि बी धरून वाढवता येईल का?

प्रतिसाद १: विक्रेत्यावर लगेच घसरू नका. जागा बदलली की ही जात रुसते. एक-दोन हंगाम हिरवी खूण दाखवते, मुळं स्थिरावली की पिवळी. १८९० मध्ये चेशरमधल्या हीवुड हॉलला, सर ग्रॅम एल्फिन्स्टन यांच्या बागेत ती सापडली. निवालिस या स्नोड्रॉपच्या नेहमीच्या प्रजातीच्या साध्या डबलचाच पिवळा अवतार. पान बघा. अरुंद, सपाट, करडी झाक असेल तर ठीक. कडा मागे दुमडलेल्या असतील, तर त्यात प्लिकेटस या दुसऱ्या प्रजातीचा संकर आहे, म्हणजे ग्रेटोरेक्स या संकरकाराच्या 'ओफेलिया', 'हिप्पोलिटा' यांच्या गोतावळ्यातलं काहीतरी.

प्रतिसाद २: बी विसरा, धरतच नाही. फूल सरल्यावर, पानं हिरवी असतानाच कंदांचा झुपका सुटा करून सुमारे ८ सेंमी खोल लावा. घाईच असेल तर जूनमध्ये निजलेला कंद उभा चिरून जोडखवले (दोन-दोन खवल्यांचे तुकडे) काढा. प्रत्येक तुकड्याला तळाच्या चकतीचा अंश हवाच, नाहीतर नुसता कुजतो. बुरशीनाशक लावून दमट व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारं हलकं खनिज), बंद पिशवीत, अंधारात, २० अंशाला सुमारे १२ आठवडे. पिशवीत पाणी सुटलं की बुरशी ठरलेली. एकुलत्या कंदावर हा प्रयोग नको.

प्रश्नकर्ता: पान सपाटच आहे. कुंडी हलवत नाही.